देव नसायला काय झालं?

मामा,

या आठवड्यात मला तुमची बाजू मांडावी लागली. तसं काही ठरलं नव्हतं. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चकलीवरून विषय निघाला. नाताळचा फराळ मी अजून दरवर्षी डब्यात भरून नेते. करंज्यांना सासूबाईंच्या हातची चव नसते, पण कुणी नावं ठेवत नाही. आमच्या टीममध्ये यंदा पुण्याहून एक मुलगी आली आहे. सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या हे आमचं काम, आणि त्याला लागतो तो चिवटपणा तिच्यात आहे. चकली मोडता मोडता तिने विचारलं, "ख्रिसमसला चकली?" मी म्हटलं, सासरचे लोक ख्रिस्ती आहेत, नगरकडचे, त्यांच्याकडे नाताळला हेच असतं. तिने मोडलेला तुकडा खाली ठेवला. "एक विचारू का? रागवू नका हं. मला जेन्युइनली कळत नाही. जीझस गॉड आहे, की गॉडचा मुलगा? आणि त्याने स्वतः कुठे म्हटलंय का, की मी गॉड आहे म्हणून?"

मी उत्तर द्यायला लागले, आणि थांबले तेव्हा दोघींच्या कॉफीवर साय धरली होती. छपरातून खाली सोडलेला लुळा माणूस, उचललेले दगड, जखमेत बोट घालून बघीन म्हणणारा शिष्य, सगळं ओळीने आलं. शब्द तुमचेच होते, मधेमधे थांबायची पद्धतसुद्धा तुमची. शेजारच्या टेबलावरचे दोघे फोन बाजूला ठेवून ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, "ओके, लॉजिकल आहे. पण तुम्ही मानता का हे?" तेवढ्यात माझ्या मीटिंगची वेळ झाली आणि मी डबा उचलून निघाले. मीटिंग खरंच होती. तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एक तप उलटून गेलं. तुम्ही होतात तेव्हा लिहायचं कारणच नव्हतं. एकाच स्वयंपाकघरात उभी असलेली माणसं एकमेकांना काय लिहिणार? आणि मराठीत इतकं लिहिता येतं ते तुमच्यामुळे. बंगळूरात, चिकपेटच्या आमच्या घरात मराठी फक्त बोलायची होती. शाळा कन्नड, दुकानाच्या पाट्या कन्नड आणि इंग्रजी, आणि मराठी आई रागावताना. कन्नडमध्ये 'जरा'ला स्वल्प म्हणतात; 'स्वल्प थांबा' हे मी मराठी समजूनच बोलायची. तुम्ही हसून म्हणायचात, "शब्द शुद्ध आहे गं, पण तू तो भाजीवाल्याकडून घेतलायस."

तुम्हाला मामा म्हणायला लागले तेव्हा तुमच्या नातेवाइकांना गंमत वाटली होती. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात. तुमच्याकडे सुना सरळ पप्पा-मम्मी म्हणतात. तुमचा मुलगा मला ऑफिसात भेटला होता. आमच्या घरी विरोध होईल असं त्याला वाटत होतं. झाला नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते दुकानात साड्यांच्या घड्या घालत होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "येशू पण देवच की. आपल्या घरात एकाची भर." आई दोन दिवस रडली आणि मग साड्या निवडायला बसली. बाप्तिस्मा घ्यावा लागेल, तरच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लग्न लागेल, असं तिथल्या तुमच्या पाळकांनी सांगितलं. मी लगेच हो म्हटलं. मला त्यात अडचणीचं काही दिसलंच नाही.

पीण्या या कारखान्यांच्या भागाजवळच्या तुमच्या घराचं ते स्वयंपाकघर मला नीट आठवतं. रविवारची दुपार आहे. उपासना होऊन सगळे जेवलेत, आत्या आतल्या खोलीत आडव्या झाल्यात, तुमचा मुलगा बाहेर स्कूटर पुसतोय. तुम्ही चहा करताय आणि मी ओट्याला टेकून उभी आहे. तुम्ही कारखान्यात तपासनीस होतात, यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर बाजूला काढायचा. तिथला माप तपासायचा एक झिजलेला पोलादी दांडा, गेज, तुम्ही घरी आणला होता आणि त्याने आलं ठेचत होतात. मंडळीच्या कमिटीत तुम्ही जुने, त्यामुळे बाप्तिस्म्याआधी माझ्याशी बोलायचं काम पाळकांनी तुमच्यावर सोपवलं होतं. घरचंच प्रकरण, पाच मिनिटांत संपेल, असं सगळ्यांना वाटत होतं.

"पुढच्या रविवारी पाळक तुला सगळ्यांसमोर विचारतील, येशू कोण आहे," तुम्ही म्हणालात. "काय सांगशील?"

"देव आहे, सांगीन."

"का?"

"का म्हणजे? आहे की. देव नसायला काय झालं?"

तुम्ही आलं ठेचायचं थांबलात. "आणि राम?"

"तो पण."

"तुमच्या गल्लीतली मारम्मा?"

"ती तर आहेच. तुम्ही आमच्या देवांना हसताय का मामा?"

"नाही गं. हसत नाही," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या चेहऱ्यावर खरंच हसू नव्हतं. "तुझा देव मोठा आहे, त्यात सगळे मावतात. माझ्या पुस्तकातल्या माणसांचा देव तसा नव्हता." मग तो गेज पाण्याखाली धुऊन माझ्या हातात दिलात. त्याला दोन टोकं होती. "हे बघ. भोक बरोबर पाडलंय की नाही ते याने कळतं. एक टोक आत गेलंच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. झिजून झिजून दोन्ही टोकं सगळ्या भोकांत जायला लागली की गेज फेकून द्यायचा. मग तो आलं ठेचायच्या कामाचा."

मला तेव्हा ते पूर्ण कळलं नाही, पण आलं ठेचायच्या कामाचं कुणाला म्हटलं गेलंय ते कळलं. तुम्ही चहा गाळता गाळता एका गावाची गोष्ट सांगितलीत. येशू गेल्यानंतर त्याचे दोन प्रेषित त्या गावात जातात, एका पांगळ्याला चालायला लावतात, आणि गावकरी म्हणतात, देवच माणसाच्या रूपाने खाली आलेत. बैल आणतात, हार आणतात. "तुझ्या अण्णांसारखी माणसं," तुम्ही म्हणालात, "भली, मोकळी. आणि त्या दोघांनी काय करावं? कपडे फाडले स्वतःचे. ओरडले, की आम्ही माणसं आहोत, तुमच्यासारखीच. ज्यांना स्वतःपुढे कुणी वाकलेलं सहन होत नव्हतं, तीच माणसं येशूपुढे वाकली. सगळी यहुदी, सकाळ-संध्याकाळ देव एकच आहे असं म्हणत लहानाची मोठी झालेली, राजाच्या पुतळ्याला हात न जोडणारी माणसं. त्यांना हो म्हणायची काय किंमत पडली असेल? तू हो म्हणतेस त्याची काहीच किंमत पडत नाहीये. ते हो मला नको आहे."

त्या संध्याकाळी तुम्ही पाळकांना जाऊन सांगितलंत, की या मुलीची तयारी नाही. आत्या कपाळाला हात लावून बसल्या. "सून नको असेल तर सरळ सांगा, देवाला मधे कशाला आणता?" त्या म्हणाल्या, आणि मग कितीतरी दिवस तुमच्याशी फक्त मुलामार्फत बोलत राहिल्या. मुलगा मला स्कूटरवरून चिकपेटला सोडून दारातूनच परत गेला. अण्णांना मात्र नवल वाटलं. "गिऱ्हाईक समोर उभं आहे, घासाघीस पण करत नाही, आणि हा माणूस म्हणतो माल द्यायचा नाही," ते म्हणाले. "असा दुकानदार मी बघितला नाही." मला राग आला होता. नाही म्हटलं असतं आणि तुम्ही नाकारलं असतंत तर समजण्यासारखं होतं. मला नाकारलं गेलं ते हो म्हटल्यामुळे.

लग्न रजिस्ट्रारकडे झालं. तिथल्या लाकडी बाकावर आमच्या आधीच्या जोडप्याचं आटपायची वाट बघताना तुम्ही माझ्या हातात एक पातळ पुस्तक ठेवलंत, येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांमधलं चौथं, नुसतं तेवढंच वेगळं बांधलेलं. कागदात गुंडाळलेलंसुद्धा नव्हतं. "हे खोटं ठरव," म्हणालात. नव्या सुनेला कुणी असं काही देतं का, असं आत्या पुटपुटल्या. तुमच्यावरच्या रागापोटीच मी ते वाचायला घेतलं. देवनागरी शाळेतल्या हिंदीमुळे येत होती, पण ती भाषा हिंदी नव्हती आणि आमच्या घरची मराठीही नव्हती. एकेक वाक्य मी ओठ हलवत वाचायची. सहा महिन्यांनी मला तुमच्याविरुद्ध पहिलं वाक्य सापडलं, आणि ज्या आनंदाने मी ते तुमच्याकडे आणलं तो आनंद मला त्याआधी कुठल्या देवळात झाला नव्हता.

तोवर आपण सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. तुम्ही निवृत्त झाला होतात. सकाळी आत्या खालच्या बागेत बायकांबरोबर फेऱ्या मारायला जायच्या, तुमचा मुलगा आंघोळीला, आणि ओट्यापाशी आपण दोघे. तुम्ही पोळ्या लाटायचात, मी भाजायची. "पिता माझ्यापेक्षा मोठा आहे असं तो स्वतःच म्हणतो," मी म्हटलं. "मग झालं की." तुम्ही लाटणं खाली ठेवून माझ्याकडे बघितलंत. "आता आलीस तू," एवढंच म्हणालात, आणि इतके खूश दिसलात की माझा विजय मला पुरता वाटेना. मग मी बाकीची तीनही वाचायला घेतली आणि रोज काहीतरी निघायचं. कुणीतरी त्याला उत्तम गुरू म्हणतो तर तो म्हणतो, मला उत्तम का म्हणतोस, उत्तम एकटा देव. बागेत गुडघे टेकून तो प्रार्थना करतो, ती कुणाला? क्रुसावर ओरडतो, ते कुणाच्या नावाने? तुम्ही कधी लगेच बोलायचात, कधी दोन पोळ्या लाटून झाल्यावर. कधी म्हणायचात, उद्या सांगतो, आणि खरंच उद्या सांगायचात.

तुमची पद्धत तपासनिसाची होती. येशू स्वतःबद्दल काय म्हणाला त्यापेक्षा त्याच्या विरोधकांनी काय ऐकलं, याला तुम्ही जास्त मानायचात. घरात गर्दी आहे, म्हणून मित्र छप्पर उकलून लुळ्या माणसाला खाली सोडतात, आणि हा त्याला सांगतो, तुझ्या पापांची क्षमा झाली. तिथे बसलेले शास्त्री मनात म्हणतात, देवाशिवाय हे कुणाला करता येतं? "बरोबरच म्हणाले ते," तुम्ही म्हणायचात. "त्याने त्यांची चूक दुरुस्त केली का? मी तसा नाही, गैरसमज करून घेऊ नका, असं म्हणाला का? उलट त्या माणसाला बाज उचलून घरी पाठवलं." दुसऱ्या एका जागी तो म्हणतो, तुमचा पूर्वज जन्मला त्याआधी मी आहे. होतो म्हणत नाही, आहे म्हणतो; आणि 'मी आहे' हे त्यांच्या शास्त्रात देवाने सांगितलेलं स्वतःचं नाव. ऐकणारे दगड उचलतात. "हे जुनं वाक्य तुला-मला अवघड वाटेल," तुम्ही म्हणालात, "पण दगड उचलणाऱ्यांना नीट कळलं होतं. नुसत्या चांगल्या माणसाला कुणी दगड मारायला उठत नाही." मग थोमा. जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा तो शिष्य तुमचा सगळ्यात आवडता होता. जखमा दाखवल्यावर तो आपल्या गुरूला प्रभू म्हणतो आणि पुढच्याच श्वासात देव म्हणतो. "आणि येशू कपडे फाडत नाही," तुम्ही लाटणं माझ्याकडे रोखून म्हणायचात. "तो ते घेतो. इथेच येऊन मी थांबतो दरवेळी."

एकदा मी म्हटलं, "सगळं आडून आडून आहे मामा. 'मी देव आहे' असं सरळ वाक्य एकही नाही." तुम्ही बराच वेळ कणकेचा गोळा हातात फिरवत राहिलात. "नाही," म्हणालात. "खरं आहे." आणि पुढची पोळी लाटायला घेतलीत. आणखी एक वाक्य होतं, शेवटच्या दिवसाविषयीचं. तो दिवस कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. "देव असून माहीत नाही?" मी विचारलं. तुम्ही उद्या सांगतो म्हणालात. दोन दिवसांनी मीच आठवण केली तर म्हणालात, "ते मला सुटलेलं नाही. मोठमोठ्यांनी सोडवलंय, वाचलंय मी. पण मला स्वतःला सुटलेलं नाही." माझ्या माहेरी वडीलधारी माणसं असं बोलत नसत. त्या सकाळपासून मी तुमच्याशी जिंकायला भांडायचं सोडलं. भांडायचं मात्र सोडलं नाही. बाप्तिस्म्याचं तुम्ही पुन्हा कधी काढलं नाहीत. आत्या दर नाताळला काढायच्या. त्या गेल्यावर कुणीच काढलं नाही.

मग तुमचं आजारपण. पोटातलं दुखणं उशिरा कळलं, आणि ऑपरेशनचा उपयोग नाही असं ठरलं. हॉस्पिटलमध्ये दुपारची पाळी माझी असायची, कारण मला लॅपटॉप घेऊन तिथे बसता यायचं. एके दिवशी सकाळी डॉक्टरांनी तुमच्या मुलाला बाहेर बोलावून घेतलं होतं. तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. जेवणानंतर पाळक आले. त्यांनी स्तोत्र वाचलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि निघताना म्हणाले, "तुमचा विश्वास खडकासारखा आहे, आम्हालाच तुमच्याकडून धीर मिळतो." ते गेल्यावर तुम्ही खिडकीकडे बघत पडून राहिलात. बाहेर कुठल्यातरी इमारतीच्या काचेवर ऊन होतं.

"खडक म्हणे," तुम्ही म्हणालात.

मी लॅपटॉप मिटला.

"सगळं पाठ आहे," तुम्ही म्हणालात. "अध्याय, वचनं, सगळं. पण पाठ आहे एवढंच. आतून काही ऐकू येत नाही. तू सांग."

"मी काय सांगू?"

"तेच. पहिल्यापासून. तुला येतं सगळं."

"मामा, मी मानत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून तर. मानणारे सगळे येऊन मला धीर देतायत. मला धीर नकोय. तू मांड. मी तपासतो."

मरणाच्या दारातल्या माणसाला बरं वाटावं म्हणून बोलणं सोपं होतं; तुम्हाला ते लगेच ओळखू आलं असतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि ठरवलं, की ऑफिसात एखादी गोष्ट मांडते तशी मांडायची, काही वगळायचं नाही आणि गोडही करायचं नाही. लुळ्या माणसापासून सुरुवात केली. आवाज हळू ठेवला होता, पलीकडच्या पलंगावरचे आजोबा झोपले होते. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात आणि मधेच एकेक आक्षेप काढत होतात. त्यातले निम्मे माझेच होते, ओट्यापाशी मी तुमच्यावर फेकलेले. पण मी ते खेळात फेकले होते. तुम्ही त्या दुपारी खरंच विचारत होतात.

"लिहिणाऱ्यांनी नंतर घातलं असेल," तुम्ही म्हणालात. "गुरूवर प्रेम असतं. प्रेमात माणूस मोठा होत जातो."

"मग अडचणीची वाक्यं का ठेवली?" मी म्हटलं. "पिता मोठा आहे, हे कशाला ठेवलं? उत्तम का म्हणतोस, हे कशाला? क्रुसावरचं ओरडणं? मी चुका लपवणारी माणसं रोज बघते मामा. ती पहिल्यांदा हेच पुसतात. यांनी काहीच पुसलेलं नाही. जी वाक्यं मी तुमच्याविरुद्ध आणायची ती तिथे आहेत, म्हणूनच बाकीच्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो."

तुम्ही डोळे उघडलेत. "पुढे."

मी पुढे गेले. दगड, थोमा, ते कपडे फाडणारे दोघे. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की आपल्या जागा बदलल्या आहेत, आणि आता मला हरून चालणार नाही. तुम्ही शेवटचं ठेवलं होतं ते मला अपेक्षित होतंच.

"आणि तो दिवस? पुत्रालाही ठाऊक नाही, त्याचं काय?"

ते तुम्हालाही सुटलं नव्हतं. मग तुमच्या हाताला लावलेल्या सुईकडे बघत मी विचारलं, "तुम्हाला तुमचा दिवस माहीत आहे?"

"नाही. कुणी सांगत नाही."

"त्यालाही नव्हता. माहीत असता तर तो माणूस झाल्याचं नाटक झालं असतं. इथे पडून राहायला काय लागतं ते त्याला कळलंच नसतं. माहीत नव्हतं, म्हणजे तो शेवटपर्यंत खाली आला होता. अर्ध्या जिन्यावर थांबला नव्हता."

"हे कुणाचं?"

"कुणाचं नाही. आत्ता सुचलं."

तुम्ही अंगठा तर्जनीवर घासत पडून राहिलात, धातूची कड हाताने बघायचात तसा. "जातंय," शेवटी म्हणालात. कारखान्यात एखादा भाग मापात बसला की तुम्ही हाच शब्द वापरायचात, आणि घरी माझी पोळी नीट फुगली की तोच. मग म्हणालात, "स्वल्प पाणी दे." माझा शब्द तुम्ही मुद्दाम वापरलात की तुमच्याही तोंडात तो बसला होता, ते मला कळलं नाही. पाणी प्यालात आणि झोपलात. संध्याकाळी तुमचा मुलगा आला, तेव्हा तुम्ही त्याच्याशी बँकेच्या आणि पंख्याच्या गोष्टी बोललात. काही दिवसांनी सकाळी तुम्ही गेलात. पुरायला नेलं तेव्हा पाळकांनी पुन्हा खडकाचा शब्द वापरला. तुमच्या मुलाने मला विचारलं, "पप्पा शेवटच्या दिवसांत दुपारी तुझ्याशी काही बोलले का?" मी म्हटलं, "हो, बरंच. शास्त्रातलंच." त्याला तेवढं पुरलं. तुम्हाला ते कुणापुढे उघड झालेलं आवडलं असतं का, हे मी ठरवू शकले नाही, म्हणून पुढेही कुणाला सांगितलं नाही.

तुमच्या मंडळीत मी अजून जाते, नाताळला आणि तुमच्या मुलाला सोबत हवी असेल तेव्हा. मागच्या बाकावर बसते, गाणी म्हणते, बाप्तिस्मा घेतलेल्यांना भाकर आणि द्राक्षरस वाटायची वेळ आली की बसून राहते. आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. माहेरी गेले की आईच्या देवांना नमस्कार करते, तोही पूर्वीइतका सहज होत नाही. हात जोडता जोडता मी थांबते, हे मी काय म्हणतेय ते बघायला. आईला वाटतं मी सासरची झाले. सासरी वाटतं मी माहेरचीच राहिले. दोघांनाही मी काही समजावून सांगत नाही.

त्या पुण्याच्या मुलीने आज पुन्हा विचारलं. "तुम्ही उत्तर दिलंच नाहीत," म्हणाली. चिवट आहे, म्हटलं ना. मी तिला म्हटलं, माझं ठरायचंय. पन्नाशीला आलेल्या बाईने असं म्हणावं याचं तिला हसू आलं, पण ती हसली नाही.

हा कागद कुठे द्यायचा प्रश्न नाही. लिहून झाला की घडी घालीन आणि तुमच्या मुलाच्या हाती लागणार नाही असा ठेवीन. फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं. त्या दुपारी तुम्ही सगळं तपासलंत, पण तुला पटतं का, एवढं विचारलं नाहीत. मला वाटत होतं, आता विचाराल. पाण्याचा ग्लास परत घेताना माझं उत्तर तयार होतं, आणि ते हो होतं. लिफ्टने खाली उतरून रिक्षा शोधेपर्यंत ते तसं उरलं नव्हतं. म्हणून तुम्ही विचारलं नाहीत ते बरंच झालं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आता मला तसं वाटत नाही. तुम्ही विचारायला हवं होतंत.